लगामाच्या चामड्यावरील ठसेकाम

बाजारांत नक्षीदार लगाम मांडलेला दिसला कीं घोडा बाळगणाऱ्याचें मन तिकडे ओढतें. परंतु घोडा उधळला असतां लगामाची वादी तुटली तर प्रसंग जिवावर बेततो. म्हणून नक्षी कोठें शोभते आणि कोठें घात करते, हें जीनगराकडे काम सोंपविण्यापूर्वीं गिऱ्हाइकानेंच जाणून घ्यावें.

ठसा टिकतो तो झाडपाल्याच्या सालींनीं कमावलेल्या चामड्यावर. आपल्याकडे बाभळीची साल, तरवड व हिरडा हीं त्यासाठीं वापरतात. क्रोमक्षारांनीं कमावलेलें चामडें मऊ व लवचिक असतें. त्यावर दाबलेला ठसा लवकरच फुगून नाहींसा होतो. या रीतीचें पेटंट ऑगस्टस शुल्ट्झ यानें अमेरिकेंत १८८४ सालीं घेतलें. वादीची कापलेली कड पाहावी: सालीच्या चामड्याची कड आंतपर्यंत तपकिरी असते, क्रोमच्या चामड्याची बहुधा निळसर करडी. वरून रंग दिलेला असला तरी कड सहसा फसवीत नाहीं.

आतां मुख्य अडचण. लगामाचें म्हणून जें खास चामडें मिळतें, त्याच्या दोन्ही अंगांत चरबी, मेण व तेल मुरविलेलें असतें. घाम व पाऊस यांपासून बचाव व्हावा हा त्याचा हेतु. पण ठसा उठण्यासाठीं चामड्यांत पाणी शिरावें लागतें, आणि येथें तर तेंच अडविलेलें असतें! म्हणूनच इंग्रजी धर्तीच्या लगामावर फुलें नसतात. तापविलेल्या लोखंडानें कडेलगत एक रेघ दाबली कीं काम झालें. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील गुराख्यांचीं खोगिरें मात्र फुलापानांनीं भरलेलीं असतात, कारण तेथें नक्षी आधीं कोऱ्या चामड्यावर करतात व तेल मागाहून देतात. नक्षी हवी असेल त्यानें हाच क्रम धरावा.

कोरें चामडें स्पंजानें भिजवून तसेंच ठेवावें. पृष्ठभागाचा मूळ रंग जवळजवळ परत आला, पण गालाला लावलें असतां गार लागतें, ही ठशाची वेळ. फार ओलें असल्यास ठसा बुजतो. फार सुकलें असल्यास उथळ उठतो. खालीं गुळगुळीत दगडी फरशी घ्यावी आणि ठशावर लांकडी मोगरीनें ठोकावें, लोखंडी हातोड्यानें नव्हे. ओल्या चामड्याला गंजकें लोखंड लागतांच काळा डाग पडतो. हिरडा व हिराकस यांची जुनी शाई होत असे, तीच ही क्रिया. डाग पडलाच तर ताजेपणीं लिंबाच्या रसानें बराच फिका होतो. ठोकल्यानें वादी ताणली जाते, म्हणून भोकें व अखेरचें माप ठसे झाल्यावरच घ्यावें.

दाबणें व कापणें यांतील भेद विसरूं नये. ठशानें तंतु दबतात, पण तुटत नाहींत. सुरीनें रेघ कोरली कीं ते तुटतात. चामड्याचें बळ वरच्या पातळ थरांत नसून त्याखालच्या गुंतलेल्या तंतूंत असतें. अर्ध्या जाडीपर्यंत कोरलेली वादी वरून सुंदर दिसली तरी निम्मी झालेली असते. यास्तव हातांत धरावयाच्या वाद्या, गालपट्ट्या व रिकिबीच्या वाद्या यांवर कोरीव काम मुळींच करूं देऊं नये. बकलाच्या वळणावर व भोकांजवळ साधा ठसाही नको. कपाळपट्टी व जिनाचे रुंद पदर यांवर मात्र खुशाल नक्षी करवावी. बैलांच्या घुंगरांचे पट्टेही यास योग्य, कारण त्यांवर ओढ पडत नाहीं.

काम झाल्यावर चामडें सावलींत वाळवावें. ऊन किंवा चूल दाखवूं नये. मग कोमट चरबी व तेल पातळ हातानें दोनतीन वेळां चोळावें. ठशांच्या खांचांत घामाचें मीठ व धूळ सांठते, तेव्हां नक्षीदार सामान मऊ ब्रशानें वरचेवर झाडीत जावें.