हस्तराची भूक

भयपट म्हणजे भुताखेतांचा पोरखेळ, असे मानणाऱ्या सुशिक्षितांनी राही अनिल बर्वे यांचा, वर्षानुवर्षे रखडत २०१८ साली पडद्यावर आलेला ‘तुंबाड’ अवश्य पाहावा. चित्रपट हिंदी, परंतु माती कोकणची. त्यातील विनायकराव ना नांगर धरतो, ना व्यापार करतो. हस्तराच्या लंगोटातून मोहरा तेवढ्या चोरतो. श्रमावाचून मिळणाऱ्या संपत्तीचे इतके निर्दय चित्रण आमच्या क्रमिक पुस्तकांत मला आढळले नाही.

खरी मेख मात्र हस्तराच्या शापात आहे. सोने त्याच्यापाशी अमाप, धान्याचा कण नाही. म्हणूनच तो कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो. आमच्याकडे कापसाला पांढरे सोने म्हणतात. ते हिंगणघाटच्या बाजारात नेणाऱ्या कित्येक कोरडवाहू कास्तकारांच्या घरी आज ज्वारी विकत येते, तीही पुष्कळदा उधारीवर.