मालिका बघावी, पण पुस्तक मिटू नये

आम्ही काही समीक्षक नव्हे. सिनेमाचे तंत्र आम्हांला कळत नाही. दिवसभर राबून घरी आल्यावर, भाकरी होईपर्यंत आणि जेवणे उरकल्यावर जो तास-दीड तास मिळतो त्यात समोर जे लागले असेल ते बघणारी आम्ही साधी माणसे. परंतु बघणाऱ्यालाही मत असते. कंपनीच्या कँटीनमध्ये, नळावर, लोकलच्या डब्यात आणि आता मोबाईलवर मालिकांची जी चर्चा चालते ती वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांपेक्षा कमी मोलाची मानण्याचे कारण नाही. त्याच चर्चेतले काही विचार येथे मांडत आहोत.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चाळीत एखाद्याच घरी टीव्ही असे आणि सारी चाळ त्याच्या दारात बसे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ हजारो घरांत पोचले ते पुस्तकातून नव्हे, तर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने. पुढे शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’मधून आर. के. नारायण यांचा शाळकरी स्वामी आपल्या मुलांचा मित्र झाला. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती, इंग्रजी येत नव्हते, अशा घरांत टीव्हीने पुस्तके नेऊन पोचवली. हा उपकार मान्यच केला पाहिजे.

पण पुस्तक पडद्यावर येते तेव्हा ते जसेच्या तसे येत नाही. त्यातले काही राहते, काही गळते आणि काही नवे घुसते. काय गळले आणि काय घुसले हे ज्याला कळत नाही तो मालिकेलाच इतिहास समजतो. आमचे म्हणणे एवढेच, की आपल्या घरांत हे कळले पाहिजे.

दोर कोणाच्या हातात?

प्रेमचंद यांची ‘सद्गती’ ही कथा सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी पडद्यावर आणली. जेमतेम पाऊण-एक तासाची ही फिल्म ज्यांनी पाहिली ते ती विसरलेले नाहीत. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडिताकडे जातो. पंडित त्याला उपाशीपोटी अंगण झाडायला लावतो, भुसा वाहायला लावतो आणि शेवटी एक गाठाळ ओंडका फोडायला देतो. ओंडका फुटत नाही. दुखीच तिथे मरून पडतो. ओम पुरींचा दुखी, स्मिता पाटील यांची झुरिया आणि मोहन आगाशे यांचा पंडित यांना एकही गाणे लागत नाही, एकही टाळीचे वाक्य लागत नाही.

या फिल्मविषयी आपल्यात दोन मते ऐकू येतात. काही म्हणतात, यात आपला माणूस फक्त मरतो, लढत नाही. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, कथा त्यानंतरची. मग त्या जागृतीचा वारा दुखीला कसा लागला नाही? प्रश्न रास्त आहे. पण आम्हांला वाटते, कथेचा शेवट नीट बघावा. गोंड वस्तीत जाऊन सांगतो, पोलिसांची चौकशी होईल, प्रेत कोणी उचलू नका. वस्ती उचलत नाही. पाऊस पडतो, प्रेत तसेच पडून राहते आणि शेवटी पंडित स्वतःच दुखीच्या पायात दोर अडकवून ते ओढत नेतो, जिथे मेलेली जनावरे टाकतात तिथे.

मेलेले ढोर ओढण्याचे काम ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारले गेले त्यांना या दृश्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ज्या दिवशी वस्तीने ‘नाही’ म्हटले त्या दिवशी दोर पंडिताच्या हातात आला. त्या नकारामागे भीतीही होती हे खरे, पण नकार तो नकारच. ढोर ओढणे सोडा, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हे सांगणारी चळवळ आपल्या गावांत घरोघर पोचली होती. म्हणून ‘सद्गती’ बघताना नुसते डोळे पुसू नयेत, तो दोर बघावा.

नथूला चेहरा मिळाला

मालिका नेहमी पुस्तकाला उणीच ठरते असे नाही. भीष्म साहनी यांच्या ‘तमस’ या कादंबरीला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. गोविंद निहलानी यांनी ती १९८८ मध्ये दूरदर्शनवर आणली. जनावरांची कातडी काढणाऱ्या नथूला पाच रुपये देऊन डुक्कर मारायला लावतात. ते मशिदीच्या पायरीवर सापडते आणि फाळणीपूर्वीचे ते शहर पेटते. दंगल पेटवणारे नामानिराळे राहतात आणि अपराधाचे ओझे नथू वाहतो. कादंबरीत पुढे नथू गर्दीत मागे पडतो. निहलानींनी मात्र त्याला आणि त्याच्या गर्भार बायकोला शेवटपर्यंत आपल्या सोबत ठेवले. आमच्या मते हा बदल योग्यच होता. लेखकाचीही त्याला हरकत नसावी, कारण म्हातारा हरनामसिंग स्वतः भीष्म साहनींनीच उभा केला आहे.

या मालिकेवर बंदी आणण्यासाठी काहीजण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रसारणाचा मार्ग मोकळा केला. सर्वोच्च न्यायालयातही बंदीची मागणी टिकली नाही. आधी बघावे, मग बोलावे, हा धडा आपणही घेण्यासारखा आहे.

राजवाडा की रोहिणी?

२०१३ मध्ये झी टीव्ही आणि दूरदर्शनवर ‘बुद्धा’ ही हिंदी मालिका आली. आपल्या घरांत ती मोठ्या कौतुकाने पाहिली गेली, आणि त्यात गैर काही नाही. भगवान बुद्धांचे नाव दर रविवारी घरात दुमदुमले, मुले शांत बसून बघू लागली. हिमांशू सोनी यांचा बुद्धही सौम्य आणि प्रसन्न होता.

पण कथा बराच काळ राजवाड्यातच अडकली. देवदत्त आणि त्याच्या आईची कारस्थाने, दागदागिने, भरजरी शालू, कटकारस्थानाच्या वेळी वाजणारे ढोल. सासू-सुनेच्या मालिकांचा मसाला कपिलवस्तूत येऊन पोचला होता!

आता बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ उघडावा. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही रूढ कथा बाबासाहेबांना पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नसेल, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सांगितलेली हकिगत वेगळी आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. शाक्य संघाने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने भर सभेत विरोध केला. बहुमत विरोधात गेले. घरच्यांवर बहिष्कार पडू नये, त्यांची जमीन जप्त होऊ नये, म्हणून त्याने स्वतःच परिव्रज्या पत्करली.

पाण्यावरून भांडण, सभा, ठराव, बहुमत आणि बहिष्कार! यातली एक तरी गोष्ट आपल्याला अनोळखी आहे काय? गावच्या विहिरीवरून ज्यांच्या बापजाद्यांना हाकलले, त्यांना सिद्धार्थ एकदम जवळचा वाटू लागतो. आणि आमच्या भगिनींनी एक गोष्ट आवर्जून वाचावी. चित्रांत आणि नाटकांत यशोधरा नेहमी झोपलेली असते आणि सिद्धार्थ रात्री चोरपावलांनी निघून जातो. बाबासाहेबांच्या ग्रंथात तो तिला सारे सांगतो, तीही विचारपूर्वक संमती देते आणि मगच तो घर सोडतो. झोपलेली यशोधरा आणि विचार करून होकार देणारी यशोधरा यांत केवढे अंतर आहे! आपल्या मुलींच्या डोळ्यांपुढे यांतली कोणती असावी?

तीन तासांचे बाबासाहेब, रोजचे बाबासाहेब

बाबासाहेबांचे जीवन पडद्यावर तीन तऱ्हांनी आले. डॉ. जब्बार पटेल यांच्या २००० सालच्या इंग्रजी चित्रपटात मामुट्टी या मल्याळी नटाने बाबासाहेब असे उभे केले की त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण पासष्ट वर्षांचे आयुष्य तीन तासांत बसवायचे म्हणजे धावपळ होणारच.

श्याम बेनेगल यांची ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका २०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीवर आली. सचिन खेडेकर त्यात बाबासाहेब झाले. ती संविधान सभेतल्या चर्चांवर बेतलेली असल्यामुळे तिच्यात एक सोय आहे. त्या चर्चा छापील मिळतात, ताडून पाहता येतात. २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे भाषण आधी वाचावे आणि मग मालिका बघावी, म्हणजे तिची गोडी दुप्पट होते.

आणि तिसरी, स्टार प्रवाहवर २०१९-२०२० मध्ये चाललेली ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा’. सागर देशमुख आणि शिवानी रांगोळे यांचे बाबासाहेब आणि रमाई रोज आपल्या घरी येऊ लागले. ज्या आजीला अक्षर येत नाही तिलाही कोलंबिया विद्यापीठ कळले, गोलमेज परिषद कळली. आदर्श शिंदे यांनी गायलेले तिचे शीर्षकगीत जयंतीच्या मिरवणुकीत अजून वाजते. हे यश लहान नव्हे.

परंतु रोजच्या मालिकेला रोज अर्धा तास भरायचा असतो. म्हणून एक चेहरा तीनदा दाखवतात, मध्ये संगीत घुमते, आणि रमाई व बाबासाहेब यांचे घरातले संभाषण लेखक आपल्या कल्पनेने रचतो. कल्पना करू नये असे आम्ही म्हणत नाही. चार भिंतींतले ते बोलणे टिपून घ्यायला कोणी बसले नव्हते. पण तो संवाद लेखकाचा आहे, बाबासाहेबांचा नव्हे, एवढे मुलांना सांगितलेच पाहिजे. बाबासाहेबांचे रमाईंविषयीचे मन बघायचे तर ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ची अर्पणपत्रिका वाचावी. रमाईंच्या निधनानंतर काही वर्षांनी निघालेला तो ग्रंथ त्यांनी आपल्या रामूच्या स्मृतीस वाहिला आहे. शंभर भागांत सापडणार नाही ते त्या थोड्या ओळींत आहे.

आपले घर कोठे आहे?

आता रोजच्या कौटुंबिक मालिकांकडे वळू. त्यांतल्या बायका झोपतानाही दागिने उतरवत नाहीत. पुरुष कामावर कधी जातात ते कळत नाही, पण बंगला मात्र दोन मजली असतो. धुणीभांडी करणारी बाई येते, चार वाक्ये बोलते आणि जाते. तिचे घर कॅमेऱ्याला सहसा सापडत नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर असलेले, दोन खोल्यांचे, अभ्यास करणाऱ्या मुलीचे घर तर दुर्मीळच.

म्हणूनच २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉन प्राईमवर आलेल्या ‘मेड इन हेवन’ मालिकेच्या एका भागाची एवढी चर्चा झाली. नीरज घेवान यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या भागात राधिका आपटे यांनी रंगवलेली पल्लवी मेनके ही उच्चशिक्षित मुलगी आपले लग्न बौद्ध पद्धतीनेही व्हावे असा आग्रह धरते आणि तसे लग्न लागते. जे दृश्य आपल्या वस्तीत दर लग्नसराईत दिसते, ते पडद्यावर बघताना अनेकांचा कंठ दाटून आला. इतक्या साध्या गोष्टीसाठी इतकी वर्षे थांबावे लागले, यातच सारे आले.

प्रेक्षक मुका नाही

काहीजण म्हणतील, आपल्या म्हणण्याने काय होणार? त्यांच्यासाठी १९८८ सालची एक गोष्ट. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका त्या वर्षी जुलैत संपली, पण वाल्मीकी समाजाला जो भाग हवा होता तो तिच्यात आलाच नव्हता. जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. तो उत्तरेतल्या इतर शहरांत पसरला, कचऱ्याचे ढीग साचले आणि सरकारला पुढचा भाग काढायला लावावा लागला. त्या कथेविषयी आपली मते काहीही असोत. झाडूवाल्या हातांनी दूरदर्शनला वाकवले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याला संप करायला नको. वाहिनीला पत्र लिहावे. चांगले दाखवले तर शाबासकीचे, खोटे दाखवले तर पुराव्यासह तक्रारीचे. आणि घरात एक नेम करावा. बाबासाहेबांवरची किंवा बुद्धांवरची मालिका लागली की भाग संपल्यावर टीव्ही बंद करून त्याच प्रसंगाची दोन पाने मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. चांगदेव खैरमोडे यांचे बारा खंड आहेत, धनंजय कीर यांचे चरित्र आहे, शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड आहेत. सहा डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला पुस्तकांचे ठेले लागतात. तिथून वर्षाला एक पुस्तक घरी आणणे कोणालाही जड जाऊ नये. आणलेले पुस्तक टीव्हीच्या शेजारीच ठेवावे, म्हणजे मालिका संपली की हात लगेच तिकडे जाईल.