गाडीचं ऑईल कधी बदलायचं? चाकणच्या ट्रॅफिकमध्ये नुसता किलोमीटरचा काटा बघून चालत नाही

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर गाड्या काढताना हा विषय हमखास निघतो. "ऑईल कितीला बदलता?" एक म्हणतो पाच हजारला, दुसरा म्हणतो दहा हजारला, तिसरा सांगतो, "शोरूमवाला तर पंधरा हजार म्हणाला." शिवाय कुणीतरी चाचा असतातच, "आमच्या वेळेला तीन हजारला बदलायचो, म्हणून गाडी वीस वर्षं चालली." सगळेच आपापल्या जागी थोडेथोडे बरोबर असतात. ऐकणारा मात्र गोंधळून घरी जातो.

आम्हीही गोंधळलो होतो, आणि त्याची किंमत आमच्या मावसभावानं मोजली. त्याची सेकंडहँड डिझेल गाडी चाकणच्या एका कंपनीत स्टाफच्या ने-आणीला लागलेली होती. निगडी, आकुर्डीतून माणसं उचलायची, म्हाळुंग्याला सोडायची, शिफ्ट सुटली की परत आणायची. ऑईल बदलून चौदा महिने झाले होते. त्यानं विचारलं तेव्हा काटा बघून आम्हीच म्हणालो, "अरे, तेरा हजारच झालेत. पंधराला करू."

ईदसाठी सोलापूरला जाताना भिगवणच्या पुढं ऑईलचा लाल दिवा लागला. रात्रीची वेळ, गाडीत बायका-पोरं. "पुढच्या पंपावर बघू" म्हणत त्यानं गाडी तशीच नेली. पंप यायच्या आत इंजिन जाम झालं. नंतर मिस्त्रीनं चेंबर खोलून दाखवला. तळाला काळा चिखल साचलेला आणि जिथून पंप ऑईल ओढतो ती जाळी तुंबलेली. इंजिनच्या कामाला सत्तर हजारांच्या आसपास गेले. गाडी तीन आठवडे गॅरेजला, कंपनीचं काम दुसऱ्याकडं गेलं, बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच कापला गेला. तीन-साडेतीन हजारांचं ऑईल वाचवायचा सल्ला आमचाच होता. म्हणून हा विषय नीट समजून घेतला, तो इथं सांगतो.

ऑईल नेमकं करतं काय?

इंजिनमध्ये लोखंडावर लोखंड, ॲल्युमिनियमवर लोखंड मिनिटाला हजारो वेळा फिरत असतं. ऑईल त्यांच्यामध्ये पातळ थर धरतं, म्हणून भाग एकमेकांवर घासत नाहीत. पण एवढंच त्याचं काम नाही. पिस्टनची उष्णता ते बाहेर आणतं, जळण्यातून तयार होणारी काजळी आणि आम्ल स्वतःत धरून ठेवतं, आणि गंज रोखतं.

यासाठी ऑईलमध्ये काही रसायनं मिसळलेली असतात. ती हळूहळू खर्च होतात. उष्णतेनं आणि हवेनं ऑईल स्वतःही खराब होत जातं. पेट्रोल-डिझेलचे थेंब आणि पाण्याची वाफ त्यात मिसळते. रसायनं संपली की पकडून ठेवलेली घाण सुटते आणि तळाशी चिखल होतो. आमच्या भावाच्या चेंबरमध्ये तोच होता.

पुस्तिकेत दोन आकडे असतात, एक नाही

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडा. तिथं किलोमीटरसोबत महिनेही लिहिलेले असतात, आणि जे आधी येईल ते धरायचं असतं. मारुतीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. फोक्सवॅगन, स्कोडाला १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. तुमच्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून शेजाऱ्याचं ऐकून नको, पुस्तिकेत बघूनच ठरवा.

वर्षाची अट कशासाठी? गाडी उभी असली तरी ऑईलमध्ये शिरलेला ओलावा आणि आम्ल आपलं काम करत राहतं. अब्बा बसनं कामावर जातात, गाडी फक्त लग्नाला आणि दवाखान्याला निघते, वर्षात तीन हजारही होत नाहीत, अशी बरीच घरं आपल्याकडं आहेत. त्यांनीही वर्षाला एकदा ऑईल बदलायचंच.

आणि अनेक पुस्तिकांत पुढं आणखी एक पान असतं, जे आपण वाचत नाही. कठीण परिस्थितीत गाडी चालत असेल तर मुदत कमी करा, असं त्यात सांगितलेलं असतं. बऱ्याचदा ती मुदत नेहमीच्या निम्मी असते. कठीण परिस्थिती म्हणजे काय? सतत थांबत-थांबत चालणं, इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभं राहणं, चार-पाच किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, भरपूर ओझं, टॅक्सीसारखा वापर. आता सांगा, यातलं काय आपल्या पट्ट्यात नाही?

आपल्या पट्ट्याचं गणित

पिंपरीत टाटांचा कारखाना, चाकण परिसरात फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा, बजाज. गाड्या जोडणारे कितीतरी हात आपल्याच घरांतले आहेत. पण त्याच कारखान्यांकडं जाणारा रस्ता इंजिनची परीक्षा घेतो. पुणे-नाशिक महामार्गावर मोशीपासून चाकणपर्यंतची रांग, तळेगाव चौक, आंबेठाण चौक, कंटेनरच्या मागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणं, रस्त्याच्या कडेची धूळ. हे रोजचंच आहे.

आता साधा हिशेब करू. महामार्गावर ताशी ५० च्या सरासरीनं गाडी चालली तर १०,००० किलोमीटरला इंजिन २०० तास चालतं. चाकणच्या गर्दीत सरासरी २० पडली तर त्याच १०,००० किलोमीटरला ५०० तास चालतं. काटा दोघांचा सारखाच, पण दुसऱ्या गाडीचं ऑईल अडीच पट जास्त वेळ तापलेलं असतं. गाडी उभी असते तेव्हा काटा हलत नाही, ऑईल मात्र झिजत असतं. काटा बघून आम्ही जो सल्ला दिला, तो इथंच चुकला.

म्हणून आमचा सरळ हिशेब असा. गाडी रोज या गर्दीतून जात असेल, स्टाफ किंवा कॅबसाठी लागलेली असेल, किंवा रोज फक्त छोट्या फेऱ्या मारत असेल, तर पुस्तिकेतली कठीण परिस्थितीची मुदत धरा. तसा आकडा दिला नसेल तर नेहमीच्या मुदतीच्या निम्म्यावर, म्हणजे साधारण ५,००० ते ७,५०० किलोमीटर किंवा सहा महिने, यात बदला. गाडी बहुतेक महामार्गावरच पळत असेल तर पुस्तिकेतली पूर्ण मुदत चालते. दर तीन हजारला बदलणं हे जुन्या इंजिनच्या आणि जुन्या ऑईलच्या काळातलं. आजच्या कारला त्याची गरज नाही, पैसा वाया जातो. दुचाकीत ऑईल जेमतेम लिटरभर असतं, तिचं गणित वेगळं. ते तिच्या पुस्तिकेत बघा.

काळं झालं म्हणजे संपलं का?

नाही. डिझेल गाडीचं नवं ऑईल काही दिवसांतच काळं होतं, कारण ते काजळी धरतं. म्हणजे ते त्याचं काम करतंय. उलट सीएनजीवर काजळी कमी होते, म्हणून ऑईल महिनोन्‌महिने स्वच्छ दिसतं. पण उष्णतेनं तेही म्हातारं होतंच. रंगावर जाऊ नका, तारीख आणि किलोमीटर बघा.

पातळी मात्र दर पंधरा दिवसांनी स्वतः बघा. सपाट जागेवर गाडी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी काढा, फडक्यानं पुसा, पूर्ण आत घालून पुन्हा काढा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर त्याच दर्जाचं थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका, जास्त ऑईलही फेसाळून इंजिनला त्रास देतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्यानंतरच्या डिझेल गाडीवाल्यांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. या गाड्यांच्या धुरात काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो साफ करण्यासाठी गाडी अधूनमधून जादा डिझेल जाळते. हे काम मोकळ्या रस्त्यावर नीट होतं. गर्दीत ते अर्धवट राहतं, आणि न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. त्यामुळं पट्टीवर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. वाढलं म्हणून खूश होऊ नका. ते पातळ झालेलं ऑईल आहे, मुदत न बघता बदला.

कोणतं ऑईल, कुठून?

डब्यावर ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२०, १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा जितका कमी, तितकं ऑईल थंड इंजिनमध्ये लवकर पोहोचतं. दुसरा आकडा म्हणजे गरम झाल्यावरचा जाडपणा. "गरमी जास्त आहे, जाडं टाकू" असं म्हणणारे मिस्त्री भेटतात. पण नव्या इंजिनच्या फटी आणि वाटा पातळ ऑईलच्या हिशेबानं बनवलेल्या असतात. जाडं ऑईल तिथं वेळेत पोहोचत नाही, ॲव्हरेजही पडतं. पुस्तिकेत जो आकडा आहे तोच टाका. काजळीचा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीला कमी राख करणारं ऑईल लागतं. साधं टाकलं तर तो महागडा फिल्टर तुंबतो.

ऑईलसोबत ऑईल फिल्टर दर वेळी बदला. नव्या ऑईलला जुना फिल्टर म्हणजे धुतलेल्या भांड्यात शिळं पाणी. चेंबरच्या नटाचा वॉशरही नवा लावायला सांगा.

छोट्या पेट्रोल कारला साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑईल लागतं, मोठ्या डिझेल गाड्यांना पाच-सहा लिटरपर्यंत. सुटं ऑईल घेऊ नका. सीलबंद डबा तुमच्या समोर उघडायला सांगा, आणि रिकामा झाल्यावर तो कापायला किंवा भोक पाडायला सांगा, म्हणजे त्यात कुणी बनावट माल भरून विकणार नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर तारीख, किलोमीटर आणि ऑईलचा प्रकार लिहून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर वेळेवर सर्व्हिस केल्याचा हाच पुरावा. पुढं गाडी विकतानाही याचे पैसे येतात.

सेकंडहँड गाडी घेताना "आत्ताच ऑईल टाकलंय" या शब्दावर जाऊ नका. बिल नसेल तर गाडी घरी आणल्यावर पहिलं काम ऑईल आणि फिल्टर बदलायचं. तिथून तुमचा हिशेब सुरू.

जुनं ऑईल नाल्यात नको

काढलेलं ऑईल २०१६ च्या नियमांप्रमाणं घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून तर वापरलेलं ऑईल परत गोळा होऊन त्याचं पुन्हा शुद्धीकरण व्हावं, ही जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आहे. घराजवळ, झाडाखाली ऑईल बदलून ते गटारात सोडलं तर ते पवनेत नाहीतर इंद्रायणीत जातं, आणि पुढं भीमेत. ते ऑईल डब्यात भरून, अधिकृत गोळा करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजकडं द्या. वजूलाही पाणी जपून वापरणाऱ्या घरांना याहून जास्त काय सांगायचं!

लाल दिवा लागला तर

चालत्या गाडीत ऑईलच्या किटलीचं लाल चित्र पेटलं, तर पुढचा पंप नाही, पुढचं गॅरेज नाही. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. पातळी बघा. कमी असेल तर ऑईल भरा. भरूनही दिवा विझला नाही तर गाडी टो करून न्या. टोइंगला लागतील ते दोन-चार हजार देऊन टाका.

आमच्या भावानं आता काचेच्या आतल्या कोपऱ्यात एक चिठ्ठी लावलीय. त्यावर बदलल्याची तारीख, काट्याचा आकडा, आणि खाली मोठ्या अक्षरात पुढची तारीख. दर सहा महिन्यांनी तो आम्हाला फोन करतो, "भाईजान, काटा बघू की तारीख?" आम्ही सांगतो, दोन्ही बघ. जे आधी येईल ते.