मागचा चिकटला तर

अहमदाबाद–वडोदरा द्रुतगती मार्ग सुमारे ९३ किलोमीटरचा. त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने ट्रक सेकंदाला २२ मीटर जातो. पुढच्या वाहनापासून तीन सेकंदांचं अंतर म्हणजे ६६ मीटर.

• सुरक्षित अंतर राखण्याची कायदेशीर जबाबदारी मागच्या चालकाची.

• अगदी मागे चिकटलेली मोटार ट्रकच्या आरशात दिसतच नाही. रात्री दिव्यांचा झोतच काय तो कळतो.

• ट्रकचालकाच्या हाती उरतं ते पुढचं अंतर. ते वाढवलं की ब्रेक हळूहळू दाबता येतो, मागच्यालाही सावरायला वेळ मिळतो. घाबरून वेग वाढवू नये. धडा शिकवायला ब्रेक तर मुळीच मारू नये.

• डावी लेन धरून मागच्याला पुढे जाऊ द्यावं.

• ट्रकची मागची लाल परावर्तक पट्टी पुसून स्वच्छ आणि ब्रेकचे दिवे चालू स्थितीत हवेत. मागचा आडवा लोखंडी बार मोटार ट्रकखाली घुसू नये म्हणून असतो.