नौकेची बॅटरी : जोर हवा की दम?

समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरील लोणावळ्याचे नौकांशी असलेले नाते वरकरणी चमत्कारिक वाटते. पण ते जुने आहे. भारतीय नौदलाच्या अभियंत्यांना घडविणारी 'आयएनएस शिवाजी' ही प्रशिक्षण संस्था १९४५ पासून येथे आहे. टाटांनी या परिसरात बांधलेल्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. पुढे १९७० च्या दशकात पवना धरण उभे राहिले आणि तुंग, तिकोना, लोहगड या किल्ल्यांच्या सान्निध्यात विस्तीर्ण जलाशय पसरला. अशा जलाशयात मासेमारीची होडी असो, पर्यटकांची नौका असो वा बचावकार्याची, तिचे इंजिन, दिवे, भोंगा आणि आत साचलेले पाणी उपसणारा पंप हे सारे एका पेटीवर अवलंबून असते. ती पेटी म्हणजे बॅटरी.

रस्त्यावर मोटार बंद पडली, तर ढकलता येते. जलाशयाच्या मध्यभागी, सायंकाळचा वारा सुटलेला असताना इंजिनाने दाद दिली नाही, तर नौका वाऱ्याच्या स्वाधीन होते. दिवे आणि पंपही त्याच बॅटरीवर असतील, तर काळोख आणि गळती यांची भर पडते. त्यामुळे नौकेची बॅटरी निवडताना किमतीआधी तिच्याकडून कोणते काम करून घ्यायचे, हे ठरविले पाहिजे.

दोन कामे, दोन जाती

मोटारीची बॅटरी आणि घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी दिसायला एकाच कुळातील. दोन्हींत शिसे आणि गंधकाम्ल असते, दोन्ही १२ व्होल्टच्या असतात. मात्र त्यांची प्रकृती भिन्न आहे. मोटारीच्या बॅटरीत पातळ पट्ट्या अधिक संख्येने असतात. त्यामुळे इंजिन सुरू करताना लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह ती काही सेकंद देऊ शकते. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीची रचना मात्र तासन् तास मंद गतीने वीज देण्यासाठी केलेली असते. पहिलीची तुलना आखाड्यातील पैलवानाशी करता येईल, तर दुसरीची पंढरीच्या वाटेवर दिवसभर चालणाऱ्या वारकऱ्याशी. एकीकडे जोर आहे, दुसरीकडे दम.

नेमकी येथेच चूक होते. मोटारीची जुनी बॅटरी काढून ती नौकेच्या विद्युत मोटारीला जोडली जाते. अशी बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केली, की तिच्या पातळ पट्ट्यांवरील लेप झडू लागतो आणि काही महिन्यांतच ती निकामी होते. पेट्रोल वा डिझेल इंजिन केवळ सुरू करायचे असल्यास स्टार्टर बॅटरी योग्य. विजेवर नौका चालवायची असल्यास, किंवा दिवे आणि पंप दीर्घकाळ चालवायचे असल्यास, सखोल वापराचीच बॅटरी हवी. दोन्ही कामे असतील, तर दोन स्वतंत्र बॅटऱ्या ठेवणे श्रेयस्कर. मग दिवे कितीही वेळ जळोत, इंजिन सुरू करण्यापुरती वीज शिल्लक राहते.

क्षमतेचा हिशेब

बॅटरीवर लिहिलेला '१५० अँपिअर-तास' हा आकडा फसवा ठरू शकतो. त्याच्या शेजारी बहुधा 'सी-२०' असे छापलेले असते. याचा अर्थ, ती बॅटरी साडेसात अँपिअरचा प्रवाह २० तास देईल. त्यापेक्षा वेगाने वीज ओढली, की एकूण मिळणारी वीज घटते. शिवाय शिसे-आम्ल बॅटरी नेहमी निम्म्याखाली उतरविली, तर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते.

उदाहरणार्थ, पूर्ण वेगाने ३० अँपिअर घेणारी १२ व्होल्टची छोटी मोटार दोन तास चालवायची आहे. गरज झाली ६० अँपिअर-तासांची. निम्मीच वीज वापरायची, तर १२० अँपिअर-तास हवेत. जलद वापरामुळे होणारी घट धरली, की १५० ची बॅटरी घ्यावी लागते. वाऱ्याविरुद्ध परतायचे असल्यास वीज अधिक लागते, हेही विसरता कामा नये. निघताना वारा पाठीशी असेल, तर जाण्यासाठी लागलेल्या विजेएवढ्या विजेत परतता येईलच असे नाही.

वजनाचा प्रश्न

१५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीचे वजन ५० ते ६० किलो, म्हणजे एका प्रवाशाइतके भरते. पवनेचे पाणी उन्हाळ्यात मागे सरकते आणि काठ रस्त्यापासून दूर जातो. बॅटरी चार्जिंगसाठी घरी न्यायची असेल, तर हे ओझे दोघांनी वाहून नेण्याचे आहे. शिवाय ती उंच असते आणि कलंडली, तर आम्ल सांडते. म्हणून डोलणाऱ्या छोट्या होडीसाठी 'एजीएम' किंवा 'जेल' प्रकारची बंदिस्त बॅटरी अधिक सुरक्षित. तिच्यात पाणी घालावे लागत नाही. मात्र अतिचार्जिंग तिला सोसत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट हा नवा पर्याय आहे. तिची ८० टक्के वीज निर्धास्त वापरता येते, त्यामुळे वरील उदाहरणात १०० अँपिअर-तास पुरतात आणि वजन साधारण १२ किलोवर येते. किंमत अधिक असली, तरी ती हजारो वेळा चार्ज करता येते. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य काहीशे फेऱ्यांचे असते. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, तिला तिच्यासाठीचाच चार्जर लागतो. दुसरी, शिसे-आम्ल बॅटरी हळूहळू मंदावून इशारा देते. लिथियम बॅटरी अखेरपर्यंत जवळपास सारखाच दाब देते आणि तिचे संरक्षक मंडळ वीज एकाएकी तोडते. म्हणून केवळ व्होल्टमीटरवर न विसंबता खर्च झालेली वीज मोजणारा मीटर बसवावा.

बसविताना घ्यायची काळजी

शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेतील त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले, की एक ठिणगी स्फोटास पुरेशी ठरते. फेब्रुवारी २०१० मध्ये 'आयएनएस सिंधुरक्षक' या पाणबुडीत लागलेल्या आगीत एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. त्यामागे बॅटरीच्या सदोष झडपेतून झालेली हायड्रोजनची गळती असल्याचे नौदलाने म्हटले होते. होडीचा आकार लहान असला, तरी नियम तोच. बॅटरी हवेशीर जागी, पेट्रोलच्या टाकीपासून दूर, झाकणाच्या पेटीत आणि पट्ट्याने घट्ट बांधलेली असावी. ती शक्य तितकी खाली आणि नौकेच्या मध्यरेषेवर ठेवावी. धन टोकाजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा.

पावसाळ्याची कसोटी

मावळात बॅटरी पाण्यावर मरते त्यापेक्षा पावसाळ्यात घरी पडून अधिक मरते. जूनमध्ये नौका काठावर ओढली जाते आणि अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच कोपऱ्यात राहते. अशा अवस्थेत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि दिवाळीपर्यंत ती चार्ज घेईनाशी होते. म्हणून शिसे-आम्ल बॅटरी नौकेतून काढून, पूर्ण चार्ज करून कोरड्या जागी ठेवावी. महिन्यातून एकदा मोजणी करावी. विश्रांत अवस्थेत १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण आणि १२.२ म्हणजे साधारण निम्मी. मोजणी १२.४ च्या खाली गेली, की पुन्हा चार्ज करावी. पाण्याच्या बॅटरीत चार्जिंगनंतर केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. लिथियमचा नियम याच्या उलट आहे : ती सुमारे निम्मी भरलेली आणि जोडण्या सोडवून ठेवावी.

निकामी झालेली बॅटरी काठावर टाकून देऊ नये. पवनेचेच पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात आणि शिसे हे विष आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे परत करावी.

थोडक्यात, आधी काम ठरवावे, मग हिशेब करावा, त्यानंतर वजन पाहावे आणि शेवटी किंमत. हा क्रम उलटा झाला, तर त्याची किंमत जलाशयाच्या मध्यभागी मोजावी लागते.