विहिरीच्या पाण्यालाही वकील हवा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पोराला इंजिनिअर करायचं, नर्सिंगला घालायचं, की भरतीला पळवायचं? आज मी तुम्हाला आणखी एक वाट सुचवतो. ती म्हणजे कायद्याचे शिक्षण, आणि त्यातही पर्यावरण कायदा.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाचा कायद्याशी काय संबंध? तो कसा आला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एक आप्पा विहिरीचे पाणी बाटलीत घेऊन माझ्याकडे आले. "साहेब, पाण्याला वास मारतोय, मका पिवळा पडलाय. वरच्या अंगाला कारखान्याचं पाणी ओढ्यात सोडत्यात." मी शेतावर गेलो, मातीचा नमुना तपासायला पाठवला. क्षार वाढल्याचा अहवाल आला. आप्पांनी तो जोडून अर्ज केला. सुनावणीत विचारणा झाली, हे पाणी कारखान्याचंच कशावरून? नमुना कोणी घेतला, केव्हा घेतला? बाटलीला सील होतं का? आम्ही दोघंही गप्प. नमुना कसा घ्यावा हे मी कृषी पदविकेत शिकलो होतो. तो पुरावा कसा होतो, हे मात्र शिकलो नव्हतो. अर्ज निकाली निघाला. विहीर तशीच राहिली.

पुढे वाचनात आले, की १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात सांडपाण्याचा नमुना घेण्याची रीतच ठरवून दिली आहे. मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर सील आणि सह्या घ्यायच्या. ही रीत पाळली नाही तर तपासणीचा निष्कर्ष कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

याउलट तामिळनाडूतल्या वेल्लोरचे उदाहरण पाहा. तिथे चामडे कमावणाऱ्या कारखान्यांच्या पाण्याने पालार नदी आणि आजूबाजूची शेती नासली. तिथल्या कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने पाहणी केली. सुमारे ३५,००० हेक्टर जमीन अंशतः किंवा पूर्णपणे लागवडीला निकामी झाल्याचे त्यात आढळले. हे आकडे सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले गेले. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला, की जो प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी आणि आपल्या उद्योगाने पर्यावरणाला बाधा होत नाही हे उद्योजकानेच सिद्ध करावे. म्हणजे माती तपासणारा आणि कायदा जाणणारा एकत्र आले, तेव्हा शेतीचे गाऱ्हाणे ऐकले गेले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात. पण विहीरच नासल्यावर घरी बसून काय करणार? २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. मात्र प्रदूषण थांबवण्यासाठीचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळू शकतात. नुकसानभरपाईसाठी मुदत पाच वर्षांची आहे. हे गावात सांगणारा कोणी नसेल, तर अर्ज लिहिण्याआधीच मुदत निघून जाते.

आता शिक्षणाविषयी. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. बी.एस्सी. कृषी झालेली मुले-मुलीही तो करू शकतात. महाराष्ट्रात दोन्हींसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. पर्यावरण कायदा हा त्यात सक्तीचा विषय आहे. पुढे एलएल.एम.ला तोच विशेष विषय म्हणून काही ठिकाणी घेता येतो. सनद मिळाली की लगेच पैका मिळेल असे मी म्हणणार नाही, सुरुवातीची वर्षे ओढाताणीचीच असतात. पण ओढ्याचा वरचा अंग कुठला, पाट कुठून फुटतो, पीक करपले की सुकले, हे शहरातल्या वकिलाला समजावून सांगावे लागते. आपल्या लेकरांना ते उपजत ठाऊक असते. कोर्टात प्रश्न विचारले जातील तेव्हा हीच माहिती उपयोगी पडते.

म्हणून यंदा घरात निकालाची चर्चा होईल तेव्हा या वाटेचाही विचार करा. मुलगी वाद घालते म्हणून तिला गप्प बसवू नका. उद्या तीच आपल्या विहिरीची बाजू मांडेल.