तो हशा कुणाचा?

१९९८ साली ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन विनोदी मालिकेची मंडळी चित्रीकरणासाठी लंडनला गेली होती. प्रसंग साधाच. चँडलर पलंगावर आहे आणि पांघरुणाखालून अचानक मोनिका डोकं वर काढते. समोर बसलेल्या प्रेक्षकांनी असा गलका केला की तो थांबता थांबेना. लेखकांच्या मनात ही जोडी चार घटकांपुरती होती. त्या गलक्यानं बेत बदलला आणि पुढे मालिकेत दोघांचं लग्न लागलं.

टीव्हीवरचं हसू म्हणजे यंत्रातलं, असं आपण सरसकट समजतो. तसं हसू होतंच. सीबीएस या अमेरिकन वाहिनीचे ध्वनितंत्रज्ञ चार्ली डग्लस यांनी १९५०च्या दशकात कळ दाबताच हशा उमटवणारं यंत्र बनवलं. पण प्रेक्षकांपुढे घडणाऱ्या मालिकेची गोष्ट वेगळी.

तिची घडी बसवली १९५१च्या ‘आय लव्ह लूसी’नं. समोर माणसं बसली की मालिकेची नायिका ल्युसिल बॉल हिचं काम खुलायचं, हे रेडिओच्या दिवसांतच दिसलं होतं. म्हणून तिचा नवरा डेसी अर्नाझ आणि छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत सुमारे ३०० प्रेक्षक बसवले. प्रसंग नाटकासारखा सलग करायचा आणि तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपायचा, अशी पद्धत ठरली. एकच कॅमेरा असता तर कोन बदलून तोच विनोद पुनःपुन्हा करावा लागला असता. पहिलं हसू मात्र एकदाच येतं.

खरी परीक्षा इथेच असते. अर्ध्या तासाच्या भागाचं चित्रीकरण कित्येक तास चालतं आणि एकेक प्रसंग तरीही दोन-तीनदा होतो. मध्यंतरात प्रेक्षक मरगळू नयेत म्हणून एक विनोदवीर त्यांना खुलवत ठेवतो. एखाद्या वाक्याला हशा आला नाही, तर लेखक तिथेच डोकी एकत्र करून नवं वाक्य रचतात. जुन्या वाक्याची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकांच्या कानांवर भलतंच काही पडतं आणि हशा उसळतो.

आपल्या रंगभूमीवर नट ‘लाफ्टर घेतो’, म्हणजे हशा ओसरू लागेपर्यंत थांबून मग पुढचं वाक्य टाकतो. या मालिकांतले नटही तेच करतात. प्रेक्षकांचं प्रेम अनावर झालं तर मात्र लय बिघडते. ‘साइनफेल्ड’ या मालिकेत क्रेमर हे पात्र दारातून घुसलं की टाळ्यांचा असा कडकडाट व्हायचा की अखेर ‘टाळ्या नकोत’ अशी विनंती प्रेक्षकांना करावी लागली.

ल्युसिल बॉलची आई डीडी चित्रीकरणाला प्रेक्षकांत बसायची. लेक आता गोत्यात येणार असं दिसलं की तिच्या तोंडून निघणारा काळजीचा उद्गार ध्वनिमुद्रणात उतरायचा. यंत्र हसू शकतं, पण पुढे काय होणार म्हणून धास्तावायला समोर जिवंत माणूसच लागतो.